मारुती ८०० ला १०० पीसीडीची चाकं बसवायची असतील तर

जानेवारी २०१४ मध्ये मारुती ८०० चं उत्पादन बंद झालं, तरी बेळगाव-खानापूर-निपाणी पट्ट्यात ही गाडी अजून रोजच्या कामाला आहे. आठवडाभर भाजीच्या पाट्या वाहणारी आणि रविवारी चोर्ला घाटातून गोव्याला निघणारी ८०० बरेचदा एकच असते. अशा गाडीच्या मालकाला कधी ना कधी तेरा इंची अलॉय (मिश्रधातूची चाकं) घालायची हुक्की येतेच. मग जुन्या बाजारात एक झकास सेट सापडतो, भाव ठरतो, घरी आणून बघावं तर भोकं जुळत नाहीत. ८०० चे स्टड, म्हणजे चाकाचे नट ज्यांवर चढतात ते खिळे, ११४.३ मिलिमीटरच्या वर्तुळावर आहेत आणि बाजारातली छोट्या गाड्यांची अलॉय बहुतेक १०० ची. या वर्तुळाच्या व्यासालाच पीसीडी म्हणतात.

यावर लोक तीन उपाय सांगतात. अ‍ॅडाप्टर (हब आणि रिमच्या मधे बसणारी प्लेट) लाव, रिमची भोकं लांबव, नाहीतर हबला, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या फिरत्या भागाला, नवी भोकं पाड. पहिला या गाडीला सोसत नाही. दुसरा करूच नये. तिसरा नीट झाला तर टिकतो, आणि हा लेख त्याच्याबद्दल आहे. भोक पाडायला मशीनवर फार वेळ लागत नाही. वेळ जातो तो मापं घेण्यात, आणि काम बिघडतं तेही मापं न घेतल्यामुळेच.

पैसे घालण्याआधी कायदा

हे शेवटी टाकलं तर कुणी वाचणार नाही, म्हणून आधीच सांगतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्यानं ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं याच कलमाचा अर्थ कडक लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ खाली परवानगी नसलेल्या बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. 'पीसीडी काय आरसीवर लिहिलेली नसते' हा गॅरेजमधला युक्तिवाद आहे. अपघातानंतर विमा कंपनीच्या सर्व्हेअरसमोर तो किती टिकेल याचा विचार ज्याचा त्यानं करावा. कायदा केंद्राचा आहे, त्यामुळे केए-२२, केए-२३ किंवा एमएच-०९ अशी पाटी बदलल्यानं त्यात फरक पडत नाही.

म्हणून आरटीओत आणि विमा कंपनीकडे आधी लेखी विचारा. दुसरी गोष्ट, आता रस्त्यावर असलेल्या बऱ्याच ८०० पंधरा वर्षं ओलांडून गेल्यात. आरसीचं नूतनीकरण पाच-पाच वर्षांसाठी होतं आणि त्यावेळी गाडी दाखवावी लागते. त्यामुळे सगळं काम असं करा की एका दिवसात गाडी पुन्हा मूळ रूपात आणता येईल. गाडीवरचे हब आणि ड्रम काढून त्यांनाच भोकं पाडू नका. भंगार बाजारातून चांगल्या अवस्थेतले दोन पुढचे हब, दोन डिस्क आणि दोन मागचे ड्रम घ्या, काम त्यांच्यावर करा, आणि मूळ माल तेल लावून पोत्यात बांधून माळ्यावर ठेवा. खर्च वाढतो खरा, पण भोक चुकलं तरी गाडी दारात उभी राहत नाही, हाही फायदा आहे.

पीसीडी स्वतः मोजा

पीसीडी म्हणजे सगळ्या स्टडच्या मध्यांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास. चार भोकांच्या रिमवर मोजणं सोपं आहे. एका भोकाच्या आतल्या कडेपासून समोरच्या भोकाच्या बाहेरच्या कडेपर्यंत व्हर्नियर (सरकत्या जबड्यांची मोजपट्टी) लावा, सरळ पीसीडी मिळते. बोअरमुळे, म्हणजे रिमच्या मधल्या मोठ्या भोकामुळे, व्हर्नियर नीट बसत नसेल तर शेजारच्या दोन भोकांचं मध्य ते मध्य अंतर घ्या. ते ७०.७ मिमी आलं तर पीसीडी १००, ८०.८ आलं तर ११४.३, ७६.४ आलं तर १०८ आणि ६९.३ आलं तर ९८. पाच भोकांच्या रिमला समोरासमोर भोक नसतं, तिथं शेजारचं अंतर १.७०१ नं गुणायचं.

विकणाऱ्याच्या तोंडी मापावर जाऊ नका. जुनी स्विफ्ट, सँट्रो, इंडिका, होंडा सिटी या १०० च्या, पहिली फिगो १०८ ची, पॅलिओ ९८ ची. पोलो १०० ची असली तरी पाच भोकांची, त्यामुळे आपल्या कामाची नाही. ९८ आणि १०० मधला फरक डोळ्यांना दिसत नाही. नट दोन फेरे बसतोही, पण चाक तिरकं बसतं आणि स्टड वाकलेल्या अवस्थेत ताण घेत राहतो. 'बसलं की वो' असं कुणी म्हणालं की व्हर्नियर हातात घ्यावा.

बारा इंचीच अलॉय हवीत म्हणून जुन्या ब्रिटिश मिनीच्या रिमा हाती लागल्या, तर आणखी एक सापळा आहे. त्यांची पीसीडी १०१.६, म्हणजे बरोबर चार इंच. आपल्या ८०० ची ११४.३ म्हणजे साडेचार इंच. तुम्ही लेथवाल्याला १०० सांगून आलात आणि रिम मिनीची निघाली, तर सगळा खर्च पाण्यात. म्हणून रिम आधी हातात, मग मोजणी, मग ड्रिल. हा क्रम उलटा करू नका.

रिमची बाकीची मापं

पीसीडीइतकंच महत्त्वाचं माप मधल्या बोअरचं. हबच्या मध्यावर जो गोल उंचवटा असतो त्यावर रिमचं बोअर बसतं आणि चाक मध्यावर येतं. स्विफ्ट-सँट्रोचं बोअर ५४.१, सिटीचं ५६.१, फोर्डचं ६३.४ मिमी असतं. बाजारातल्या बिगरकंपनी अलॉयला ते मुद्दाम मोठं ठेवतात. तुमच्या हबचा उंचवटा व्हर्नियरनं मोजा. रिमचं बोअर मोठं असेल तर मधली फट भरायला त्याच मापाची अ‍ॅल्युमिनियमची रिंग वळून घ्या. प्लास्टिकच्याही मिळतात, पण घाट उतरताना ब्रेक तापले की त्या मऊ पडतात. रिमचं बोअर लहान असेल तर ते लेथवर मोठं करता येतं. हबचा उंचवटा मात्र घासू नका. बेरिंगची टोपी आणि ड्राइव्ह शाफ्टचा नट तिथंच असतात.

मग ऑफसेट, म्हणजे चाक हबवर किती आत किंवा बाहेर बसतं ते. रिम तोंडावर पालथी टाका, मागच्या कडांवर सरळ पट्टी आडवी ठेवा आणि पट्टीपासून हबला टेकणाऱ्या सपाट भागापर्यंत खोली मोजा. जुन्या आणि नव्या, दोन्ही रिमांची मोजा. नव्या रिमची खोली दहा मिमीनं जास्त आली, तर चाक आत स्ट्रटच्या (सस्पेन्शनच्या उभ्या दांड्याच्या) दिशेनं दहा मिमी सरकणार. कमी आली तर तितकं बाहेर. बाहेर गेलेलं चाक दिसायला रुबाबदार असतं, पण बेरिंगवरचा भार वाढतो, स्टेअरिंग जड होतं आणि खड्ड्यात मडगार्डची कड टायर कापते. पाच-सात मिमीचा फरक चालवून घेता येतो. पंधरा-वीसचा असेल तर दुसरी रिम शोधा.

टायरचा हिशेब कागदावर करा. १४५/७० आर१२ चा व्यास सुमारे ५०८ मिमी भरतो. त्याजागी १५५/६५ आर१३ घातला तर ५३२ होतो, म्हणजे जवळपास पावणेपाच टक्के मोठा. काटा ६० दाखवत असेल तेव्हा गाडी खरी ६३ वर असते. गाडी बारा मिमी उंच होते, आणि सगळे गिअर थोडे लांब पडल्यासारखे वाटतात. ७९६ सीसीच्या इंजिनाला चार माणसं घेऊन कणकुंबीकडे चढताना हा फरक पायाला कळतो. १६५/६० आर१३ चा व्यास ५२८, म्हणजे चार टक्के. माझं मत विचाराल तर, घाट रोजचा असेल त्यानं बारा इंचीच रिम शोधावी. गाडी टिळकवाडी ते उद्यमबाग एवढीच फिरत असेल, तर तेरा इंची खुशाल घाला.

हबमध्ये जागा आहे का

आता मूळ मुद्दा. जुनी चार भोकं ५७.१५ मिमी त्रिज्येवर आहेत, नवी ५० वर यायची आहेत. त्याच कोनात पाडली तर नवं भोक जुन्यात मिसळून आठाचा आकडा होतो. म्हणून नवी चार भोकं जुन्यांच्या बरोबर मधोमध, ४५ अंश फिरवून पाडायची. तसं केलं की जुन्या आणि नव्या भोकांच्या मध्यांत ४१.५ मिमी अंतर राहतं. दोन्हीकडची अर्धी भोकं वजा केली तरी मध्ये सुमारे २८ मिमी अखंड धातू उरतो. एवढं पुरेसं आहे. ११४.३ वरून १०० वर जाता येतं ते याच हिशेबामुळे.

पण हिशेब कागदावरचा झाला. हब हातात घेऊन चार गोष्टी बघा.

पहिली, हबची प्लेट पूर्ण गोल आहे की चार पाकळ्यांची. काही गाड्यांत वजन वाचवण्यासाठी स्टडच्या जागीच धातू ठेवून मधला भाग कापलेला असतो. तुमच्या हातातला हब असा निघाला तर ४५ अंशावर धातूच नाही, काम तिथंच संपलं. वेल्डिंग करून जागा भरायचा सल्ला मिळेल. ऐकू नका. हबच्या पोलादाला आणि ड्रमच्या बिडाला वेल्डिंगच्या उष्णतेनं कडेला चिरा पडतात आणि त्या बाहेरून दिसत नाहीत.

दुसरी, नव्या भोकाच्या कडेपासून प्लेटच्या बाहेरच्या कडेपर्यंत किमान भोकाच्या व्यासाइतका धातू उरतो का. तिसरी, हबची मागची बाजू. स्टड ७.१५ मिमी आत सरकतो, म्हणजे त्याचं डोकं बेरिंगच्या घराकडे जातं. मागे जिथं गोलाई सुरू होते त्या उतारावर डोकं बसणार असेल तर ते एका कडेनंच टेकेल. चौथी, डिस्क. काही गाड्यांत डिस्क हबवर वरून बसते, काहींत मागून बोल्टनं आवळलेली असते. मागून असेल तर तिचे बोल्ट नव्या भोकांच्या वाटेत येतात का ते पाहा.

८०० च्या मागच्या चाकात ड्रम आणि हब एकच असतो, बेरिंग ड्रममध्येच बसतं. ड्रम बिडाचा. त्याच्या आत स्टडचं डोकं जिथं येणार तिथं ब्रेक शूची स्प्रिंग किंवा व्हील सिलिंडर येतो का, हे नुसतं बघून कळत नाही. मातीचा गोळा किंवा प्लॅस्टिसिन त्या जागी चिकटवा, ड्रम चढवून हातानं एक फेरा फिरवा आणि काढून पाहा. गोळ्यावर खूण उमटली तर अंतर नाही. दोन मिमीपेक्षा कमी अंतर मी धरत नाही.

यातलं एकही उत्तर उलटं आलं तर दुसरी वाट धरा. त्याच बेरिंगचा आणि त्याच दात्यांच्या शाफ्टचा, पण १०० पीसीडीचा हब दुसऱ्या मॉडेलमधून बसतो का ते पाहा, नाहीतर ११४.३ चीच अलॉय शोधत राहा. अ‍ॅडाप्टर का नको, तर त्याचा नट रिमच्या मागे लपायला प्लेट वीस-पंचवीस मिमी जाड लागते. प्रत्येक चाक तेवढं बाहेर जातं, आणि आधीच अरुंद मडगार्डच्या या गाडीत ते उघडं पडतं.

स्टड आधी आणा

ड्रिलचं माप स्टड ठरवतो, म्हणून स्टड खिशात घेऊनच लेथवाल्याकडे जायचं. मारुतीचा स्टड एम१२ (बारा मिमी व्यासाचा), आटा १.२५ चा, म्हणजे नट एका फेऱ्यात १.२५ मिमी पुढे जातो. होंडा-ह्युंदाईचा एम१२ खरा, पण आटा १.५ चा. दोघांचे नट एकमेकांवर एखादा फेरा चढतात आणि मग आटा खातात. मारुतीचा १.२५ चाच ठेवा. गावोगावी नट मिळतात आणि मूळ चाकांचे नटही तेच राहतात.

स्टडच्या डोक्याखाली जो दातेरी भाग असतो तोच दाबून बसवायचा असतो. त्याचा व्यास कंपनीगणिक बदलतो. एकाच पाकिटातले तीन-चार स्टड मोजा, सरासरी घ्या. भोक त्यापेक्षा ०.१ ते ०.२ मिमी लहान हवं. पोलादी हबला घट्ट बाजू चालते, बिडाच्या ड्रमला सैल बाजूकडे राहा. बीड ताणलं की तडकतं. लांबीही पाहा. अलॉयचा पॅड, म्हणजे हबला टेकणारा भाग, पत्र्याच्या रिमपेक्षा जाड असतो. रिम आणि डिस्क दोन्हींची जाडी धरून, नटात किमान बारा मिमी आटा शिरला पाहिजे. १.२५ च्या आट्याला ते साडेनऊ फेरे होतात. हातानं मोजता येतं. नटाची बैठकही रिमशी जुळली पाहिजे. बहुतेक अलॉयला ६० अंशाचा शंकू लागतो, होंडाच्या कंपनी रिमांना गोल बैठक. गोल बैठकीत शंकूचा नट घातला तर तो एका रेषेवरच टेकतो आणि थोड्या दिवसांत सैल होतो.

लेथवाल्याकडे

या कामाला आपला भाग भाग्यवान आहे. उद्यमबाग आणि मच्छेकडे फाउंड्रीच्या जोडीनं मशीन शॉप आहेत, निपाणीकडच्या माणसाला कोल्हापूरची शिरोली आणि गोकुळ शिरगाव जवळ. पंपाचे फ्लँज आणि वाल्वच्या बॉडी रोज ड्रिल करणाऱ्या माणसाला चार भोकांचा हब म्हणजे डाव्या हातचा खेळ. फक्त तो शॉप योग्य हवा. व्हीएमसी (संगणकावर चालणारं मिलिंग मशीन) असेल तर उत्तम, नाहीतर मिलिंग मशीनवर डिव्हायडिंग हेड (भाग नेमक्या कोनातून फिरवणारं उपकरण). रिम हबवर ठेवून तिच्या भोकातून पंच मारायचा आणि हँड ड्रिल चालवायचं, असं सांगणाऱ्याला नमस्कार करून निघा. अर्धा मिमी इकडेतिकडे झालं की चाक मध्यावर बसत नाही, आणि मग सगळं आयुष्य बॅलन्सिंगवाल्याच्या दारात जातं.

तोंडी सांगू नका, कागद द्या. मराठी, कन्नड, हिंदी, कुठल्याही भाषेत बोला, आकडे कागदावरच वाचले जातात. त्यावर एवढं हवं: पीसीडी १००.०, भोकं ४, जुन्या भोकांपासून ४५ अंश, भोकाचं माप (स्टडवरून आलेलं), जागेची चूक ०.०५ मिमीच्या आत, संदर्भ मधल्या उंचवट्याचा. शेवटची ओळ ठळक लिहा. जुन्या भोकांना संदर्भ धरून काम केलं तर जुन्यांची झीज नव्यांत उतरते. चांगला कारागीर स्वतःच विचारेल, "सर, सेंटर कशावरून धरू?" असं विचारणारा भेटला की निश्चिंत व्हा.

मशीनवर हब बांधला की डायल गेज (बारीक हालचाल काट्यावर दाखवणारं माप) उंचवट्यावर लावून फिरवायचा. काटा ०.०२ च्या आत थरथरला पाहिजे. प्लेटच्या तोंडावरही गेज लावा. ते तिरकं असेल तर हब भंगारातच जाऊ दे, कारण वाकलेल्या हबला कितीही अचूक भोक पाडलं तरी स्टड तिरकाच उभा राहतो. मग सेंटर ड्रिल, सहा मिमीचं पायलट, मग अंतिम मापापेक्षा थोडं लहान ड्रिल आणि शेवटी रीमर (भोक अचूक मापाचं करणारं हत्यार). सरळ ड्रिलनं अंतिम माप गाठायला गेलं की भोक कधी मोठं, कधी अंडाकृती होतं. पोलादी हबला कूलंट, बिडाच्या ड्रमला कोरडंच.

यानंतरचं एक काम बरेच जण गाळतात आणि तेच सगळ्यात मोलाचं आहे. भोकाची मागची बाजू, जिथं स्टडचं डोकं टेकतं, ती सपाट करून घ्या. भट्टीतून आलेला भाग तिथं खडबडीत असतो. डोक्याखाली एका बाजूला फट राहिली, तर नट आवळताना स्टड तिकडे झुकतो आणि मग प्रत्येक फेऱ्याला वाकतो-सरळ होतो. असा स्टड डोक्यालगत तुटतो. समोरच्या बाजूनं भोकाच्या कडेला हलका चॅम्फर (तिरका उतार) द्यायला सांगा. दाबताना वर आलेली बारीक धार रिमखाली अडकत नाही. डिस्कची भोकं वेगळी, त्याच प्रोग्रॅमवर पाडा, पण स्टडपेक्षा थोडी मोकळी. डिस्क स्टडवर नाही, उंचवट्यावर मध्यात येते.

जुने स्टड प्रेसवर काढायलाच लागतात, नाहीतर नव्या रिमच्या मागच्या बाजूला आपटतात. जुनी भोकं रिकामी राहिली तरी ताकदीला धोका नाही. ड्रमच्या भोकांतून मात्र खानापूरची लाल माती पावसात सरळ ब्रेक शूवर जाते. तिथं उष्णता सोसणारी सिलिकॉन रबराची बुचं बसवा.

नवे स्टड प्रेसवरच बसवा. हातोड्यानं ठोकले तर आटा चेपतो आणि बिडाचा ड्रम तडकू शकतो. प्रेस नसेल तर जुना नट उलटा चढवून, खाली दोन-तीन जाड वॉशर ग्रीस लावून, लांब पान्यानं हळूहळू ओढून घेता येतो. त्या नटाचा आटा दमतो, तो नंतर फेकून द्या. डोकं मागे पूर्ण टेकलं की नाही हे ०.०५ मिमीच्या फीलर गेजनं (फट मोजायच्या पातळ पानानं) बघा. पान आत शिरलं नाही पाहिजे.

गाडीवर चढवणं

सपाट फरशीवर गाडी घ्या, न उचललेल्या चाकांना दगड लावा, जॅकनं उचलून स्टँडवर टेकवा. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली हात घालू नका.

पुढच्या हबला शाफ्टचा नट काढून स्लाइड हॅमरनं (दांड्यावर सरकणाऱ्या वजनाच्या ओढणीनं) ओढावं लागतं. ओढताना बेरिंगला धक्का बसतोच. तेव्हा दोन्ही बाजूंची बेरिंग आणि सील याच वेळी नवी घाला. जुनी परत बसवून पुढच्या महिन्यात घरघर ऐकण्यात अर्थ नाही. मागच्या ड्रमचंही तसंच. शाफ्टच्या आणि ड्रमच्या नटाला नवी स्प्लिट पिन, आणि टॉर्क तुमच्या वर्षाच्या मॅन्युअलमधला. डिस्क आणि हबच्या मधला गंज वायर ब्रशनं काढून दोन्ही तोंडं कोरडी पुसा.

रिंग घालून चाक चढवा. सगळे नट आधी हातानं, समोरासमोरच्या क्रमानं. चाक जागेवर बसल्याचं हाताला कळतं. हबच्या उंचवट्यावर येताना ते एकदा किंचित अडतं आणि मग सरकन आत जातं. अडलं नाही तर रिंग सैल आहे. मग गाडी जमिनीवर आणून टॉर्क पान्यानं दोन टप्प्यांत आवळा. आकडा मॅन्युअलचाच, छोट्या गाड्यांना तो बहुधा ८५ ते ११० न्यूटन-मीटरच्या घरात असतो. आट्याला ग्रीस किंवा तेल लावू नका. तेल लावलं की पाना तोच आकडा दाखवतो, पण स्टडवर ओढ कितीतरी जास्त येते. पंक्चरवाल्याच्या हवेच्या गनला त्या दिवशी सुट्टी द्या. शेवटी प्रत्येक नटावरून रिमवर पेंटची एक बारीक रेघ ओढा. नट फिरला तर रेघ तुटलेली दिसते.

तपासणी

गाडी परत उचला, चाक हातानं फिरवा आणि रिमच्या कडेला डायल गेज लावा. हबच्या तोंडावर ०.०५ च्या आत आणि रिमच्या कडेवर एक मिमीच्या आत काटा हलत असेल तर ठीक. रिमवर जास्त हलत असेल तर रिम ९० अंश फिरवून परत बसवा. हलणारी जागा रिमबरोबर फिरली तर दोष रिमचा, तिथंच राहिली तर हबचा.

मग स्टेअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत वळवून टायर कुठं घासतो का पाहा. त्यानंतर चार माणसं बसवून गतिरोधकावरून हळू जा. एकट्यानं चालवून घेतलेली चाचणी मागच्या मडगार्डबद्दल काहीच सांगत नाही.

रस्त्यावर आधी ४०, मग ६०, मग ८०. मोकळा सरळ रस्ता आणि सकाळची वेळ निवडा. ६० ते ८० च्या मध्ये स्टेअरिंग थरथरलं तर पुढचं चाक, सीट थरथरली तर मागचं. ब्रेक दाबल्यावरच थरथर येत असेल तर डिस्क तिरकी बसलीय. दहा-बारा किलोमीटर चालवून थांबलात की चारही हबजवळ हात न टेकवता नेऊन उष्णता बघा. एकच चाक जास्त तापलं असेल तर बेरिंग जास्त आवळलंय किंवा शू घासतोय. पन्नास किलोमीटरवर आणि परत दोनशेवर टॉर्क पाना लावा. नवे स्टड आणि नवी रिम एकमेकांत बसताना थोडी ओढ कमी होतेच. दुसऱ्यांदाही एखादा नट सैल मिळाला तर नुसता आवळून पुढे जाऊ नका. चाक काढून त्या स्टडचं डोकं आणि बैठक पाहा.

स्टेपनी

डिकीतली बारा इंची स्टेपनी ११४.३ ची आहे. ती आता या गाडीला बसत नाही. चोर्ल्याच्या जंगलात, पावसात, मोबाइलला रेंज नसताना हे कळलं तर कुणी मदतीला येऊ शकत नाही, कारण येणाऱ्याच्या ८०० ची स्टेपनीही ११४.३ चीच असणार. १०० पीसीडीची पाचवी रिम त्याच खरेदीत घ्या. अलॉय परवडत नसेल तर पत्र्याची चालेल, पण बोअर, बैठक आणि टायरचा व्यास तपासून. पत्र्याच्या रिमला नट वेगळा लागत असेल तर ते चार नट आणि पाना डिकीतच ठेवा. ती एकदा घरी चढवून पाहा. जाड अलॉयसाठी घेतलेला लांब स्टड पत्र्याच्या पातळ रिममधून बाहेर येऊन बंद तोंडाच्या नटाच्या तळाला टेकतो. नट घट्ट वाटतो आणि चाक मात्र सैल राहतं. तसं होत असेल तर उघड्या तोंडाचे नट घ्या.

डॅशबोर्डच्या कप्प्यात एक कार्ड ठेवा: पीसीडी ४ × १००, स्टड एम१२ × १.२५, दातेरी भागाचा व्यास, नटाची बैठक, रिंगची दोन्ही मापं, बेरिंगचा नंबर, टॉर्क. पुढच्या वेळी निपाणीच्या गॅरेजवाल्यानं '८०० चा स्टड द्या' म्हणून दुकानात माणूस पाठवला, तर त्याच्या हातात ते कार्ड द्या.